खांबापाशी नाचणारा माणूस

रात्रीचा पाऊण वाजला होता. फ्लोअर भरला होता, पण गच्च नव्हता. माणसांना हात हलवायला जागा होती. मला हीच अवस्था सगळ्यात आवडते. मागच्या खांबापाशी एक माणूस एकटाच नाचत होता. पन्नाशीच्या आसपासचा, राखाडी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. फार हलत नव्हता. डोळे मिटलेले, हनुवटी छातीकडे झुकलेली, आणि अंगाचा भार या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. वीसेक मिनिटं मी डीजेच्या बूथमधून त्याच्याकडे अधूनमधून बघत होते. प्रत्येक रात्री असा कुणीतरी एक सापडतो, ज्याच्याकडे बघितलं की खोलीत नेमकं काय चाललंय ते मला कळतं. चालू ट्रॅकची दोनेक मिनिटं उरली होती. पुढचा मी हेडफोनवर जुळवून तयार ठेवला होता. हा मिनिटाला १२२ ठोक्यांचा, तो १२४चा. स्वरांच्या चक्रावर हा ८एमधला, तो शेजारच्या ९एमधला. मी नव्याचा आवाज वाढवणारा फेडर हळूहळू वर घेतला, बत्तीस मात्रा दोन्ही ट्रॅक एकमेकांच्या अंगाला अंग लावून चालू दिले, मग समेवर जुन्याचा बेस काढला आणि त्याच मात्रेला नव्याचा सोडला. सांधा कुठेही दिसला नाही. पुढच्या रांगेतून आरोळी आली. आणि खांबापाशच्या माणसानं डोळे उघडले.

गाडीत झोप लागावी आणि भलत्याच स्टेशनावर जाग यावी, तसा तो इकडेतिकडे बघत राहिला. रागावला नव्हता. बूथकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. कठड्यावर टाकलेलं जॅकेट उचललं, हातावर घेतलं आणि गर्दीच्या कडेकडेनं दाराकडे गेला.

एवढंच झालं.

बाकी कुणी हललं नाही. सेट चांगला झाला, नंतर दोघातिघांनी येऊन तसं सांगितलं, माझ्यानंतर वाजवणाऱ्याला मी भरलेली आणि तापलेली खोली दिली. तरी परतीच्या वाटेवर मला आठवत राहिले ते त्याचे उघडलेले डोळे. एक माणूस निघून गेला यात काय एवढं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. माणसं दमतात, त्यांना सकाळी उठायचं असतं. पण तो दमलेला नव्हता. तो कशाच्या तरी मधोमध होता आणि मी त्याला तिथून उठवलं होतं. कशाच्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढचं गाणं कसं ठरवता, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं एक ठरलेलं उत्तर आहे आणि ते खोटं नाही. आधी वेग बघायचा. हाउस नावाचं नाचाचं संगीत साधारण १२० ते १२८ बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांत फिरतं, ड्रम अँड बेस हा प्रकार १७०च्या पुढे. एकातून दुसऱ्यात थेट उडी मारली तर नाचणाऱ्याचे पाय अडखळतात. मग स्वर. त्याचं गणित घड्याळासारख्या चक्रावर मांडलेलं असतं, एक ते बारा आकडे, मायनरला ए आणि मेजरला बी. शेजारच्या घरात गेलात तर सातांपैकी सहा स्वर तेच राहतात, एकच बदलतो. ८ए म्हणजे ए मायनर, ९ए म्हणजे ई मायनर. पहिल्यातला साधा एफ दुसऱ्यात तीव्र होतो, बाकी घर तेच. मग जोर: पुढचा ट्रॅक खोलीला वर नेणार, आहे तिथेच ठेवणार की जरा बसवणार. विचारणारा मान डोलावतो, त्याचं समाधान होतं. आणि हे सगळं मी त्या रात्री काटेकोरपणे पाळलं होतं.

मी शिकले ते टेक्निक्सच्या दोन जुन्या एसएल-१२०० डेकवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या टर्नटेबलांवर. शिकवणाऱ्यांना सगळेच दादा म्हणायचे, मीही म्हणायची. तिथे वेग जुळवून द्यायला स्क्रीन नव्हती. एका कानावर हेडफोन, त्यात पुढची रेकॉर्ड. दुसरा कान उघडा, त्यात खोली. रेकॉर्ड बोटांच्या टोकांनी धरून ठेवायची. खाली थाळी फिरत असते, मधली स्लिपमॅट, म्हणजे रेकॉर्डखालची गुळगुळीत चकती, घसरत असते, आणि बोटांना ती ओढ जाणवत असते, वाहत्या पाण्यात हात धरल्यासारखी. समेला सोडायची. मग ऐकायचं. दोन्ही रेकॉर्डच्या किक, म्हणजे मोठ्या ड्रमचे ठोके, बरोबर पडल्या तर एकच घट्ट ठोका ऐकू येतो. थोड्या सरकल्या तर घोड्याच्या टापांसारखा दुहेरी आवाज यायला लागतो, आणि पोटात गोळा येतो. कुठली रेकॉर्ड पुढे पळतेय, कुठली मागे पडतेय हे ओळखून कडेला बोट हलकं टेकवायचं किंवा पिच, म्हणजे वेग कमीजास्त करणारा दांडा, आठ टक्क्यांच्या पट्टीत केसभर सरकवायचा. पिचही मोकळ्या हातानं वापरता येत नाही. सहाएक टक्के वेग वाढवला की सबंध गाणं अर्ध्या सुरानं वर चढतं, आणि गाणाऱ्याचा आवाज अनोळखी व्हायला लागतो. या सगळ्यात चार मिनिटांतली दोन सहज जायची. तेव्हा वाटायचं, हा वेळ वाया जातोय.

दादा रेकॉर्ड शोधायचे ते बघण्यासारखं होतं. रेकॉर्डच्या खोक्यातून, क्रेटमधून, तीन रेकॉर्ड ते अर्ध्या वर ओढून तिरक्या ठेवायचे, जणू तिघांना उभं राहायला सांगितलंय. मग बराच वेळ क्रेटकडे बघायचेच नाहीत. खोलीकडे बघायचे. चालू गाण्याचं शेवटचं मिनिट आलं की न बघता हात मागे न्यायचे आणि तिघांतली एक ओढायचे, उरलेल्या दोघी खाली बसवायचे. कधी तिघींनाही बसवायचे आणि चौथीच काढायचे. कव्हरांवर त्यांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असायचं. बीपीएम कुठेच नाही. एकीवर ‘ओली’. एकीवर ‘उजेड होताना’. एकीवर ‘हिच्याआधी गाणारी बाई नको’. बऱ्याच कव्हरांच्या कोपऱ्यात नुसतं ‘शे.’ एवढंच अक्षर. ‘शे.’ म्हणजे शेवटी लावायची, असं मी पहिल्याच महिन्यात गृहीत धरलं, आणि पुढे त्यांनी वाजवणं थांबवून दोन क्रेट मला दिले, तेव्हा ‘शे.’वाल्या रेकॉर्ड मी रात्रीच्या अखेरीसाठी राखून ठेवायला लागले.

सेट झाल्यावर ते कधीच ‘कसं झालं?’ विचारायचे नाहीत. विचारायचे, “आज कोण गेलं? केव्हा?”

मला सुरुवातीला वाईट वाटायचं. दोनशे माणसं नाचली त्यांचं काही नाही, गेलेल्या तिघांची चौकशी. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “अगं, गाणं संपल्यावर जाणारा माणूस घरी जातो. गाणं सुरू झाल्यावर जाणारा माणूस आपल्यामुळे जातो. तो बघून ठेव.”

आता वाटतं, या धंद्यातली पुष्कळशी कारागिरी अशा जाणाऱ्या माणसांकडे बघूनच तयार झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉम मोल्टननं बघितलं की तीन मिनिटांचं गाणं जिथे रंगात येतं तिथेच संपतं, आणि त्या फटीतून माणसं फ्लोअरवरून उतरतात. त्यानं गाणी एकमेकांत मिसळून लांब टेप बनवली, पुढे गाणीच लांबवायला सुरुवात केली, आणि एकच लांब गाणं मावणारी मोठी रेकॉर्ड, बारा इंची सिंगल, रुळली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. न्यू यॉर्कमध्ये जुन्या चर्चच्या इमारतीतल्या सँक्चुअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो एका रेकॉर्डचा ठेका दुसरीच्या ठेक्यावर बसवायला लागला, म्हणजे ती फटच बुजली. आम्ही सगळे तिथूनच आलो. फट दिसली नाही पाहिजे, हे आमच्या हाडात इतकं मुरलंय की फट बुजवणं म्हणजेच वाजवणं असं वाटायला लागतं.

पण त्याच काळात, त्याच शहरात, दुसरंही काही चाललं होतं. ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ला कूल हर्क या डीजेनं बहिणीच्या पार्टीत वाजवलं, ती तारीख हिप-हॉपवाले वाढदिवसासारखी पाळतात. हर्कच्या एका गोष्टीवर मी पुष्कळ विचार करते. त्याच्या लक्षात आलं होतं की नाचणारे गाण्यातल्या एका तुकड्याची वाट बघत थांबतात. सगळी वाद्यं गप्प होतात, नुसते ड्रम उरतात, तेवढाच तुकडा, काही सेकंदांचा. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन डेकवर ठेवायला लागला. हिच्यावरचा तुकडा संपला की तिच्यावरचा, तोवर ही मागे फिरवायची. पुढे काय लावायचं? हेच. परत हेच. समोरच्या माणसांचं अजून यानं भरलेलं नाही, हे ज्याला दिसलं त्यानंच ते उत्तर काढलं. आणि डेव्हिड मँकुसो. १४ फेब्रुवारी १९७०ला त्यानं स्वतःच्या राहत्या लॉफ्टमध्ये पहिली मोठी पार्टी केली. पुढच्या काळात त्यानं मिक्स करणंच सोडलं. रेकॉर्ड पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत वाजायची, मग शांतता, त्या शांततेत लोक टाळ्या वाजवायचे, मग पुढची. हे मी फार पूर्वी वाचलं होतं आणि ‘त्यांच्या वेळी चालायचं’ म्हणून बाजूला ठेवलं होतं.

बूथमधून सगळ्यात आधी दिसतात त्या पुढच्या दोन रांगा. वर गेलेले हात, फोनचे दिवे. नवीन होते तेव्हा मी त्यांच्यासाठीच वाजवायची. ती माणसं नाचायचं ठरवूनच आलेली असतात, काहीही लावलं तरी हात वर करतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली. फ्लोअर वाचायचा तो कडेनं. भिंतीला टेकलेला माणूस पाठ सुटी करतो का. कुणी हातातला ग्लास खाली ठेवून येतं का. मैत्रिणीच्या कानात ओरडून काहीतरी सांगणारी एखादी मधेच वाक्य विसरते आणि तिचा खांदा तालात जायला लागतो का. मी चेहऱ्यांपेक्षा पायांकडे जास्त बघते. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून वीस मीटरवरच्या माणसाला ठोका सेकंदाच्या सहा शतांश भागानं उशिरा मिळतो. आकडा लहान आहे, पण १२२च्या ट्रॅकमध्ये दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर असतं. त्यामुळे बूथमधून बघितलं तर मागच्या माणसांचे पाय पुढच्यांच्या किंचित मागून पडतात. भरलेल्या फ्लोअरवर ही लाट पुढून मागे जाताना दिसते. मला ती फार सुंदर वाटते. वाजवताना मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा होत असेल, तर त्या लाटेचा.

आणि हे बघता बघता डोक्यात निवड चालू असते. पहिल्या मिनिटाला वीसेक ट्रॅक घोळत असतात, ते कसे गळत जातात हे सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करते. समजा आत्ता वाजतंय त्यात एक बाई गातेय, तर पुढच्या ट्रॅकच्या पहिल्या मिनिटात गाणारं कुणी नको. दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं होतं. सात गेले. गेले तीन ट्रॅक हाय-हॅट, ड्रमबरोबरच्या झांजा, सतत चकचकतेय. नाचणाऱ्याला कळत नाही, पण त्याचे कान वरच्या बाजूनं थकलेत, म्हणून पुढचा जरा अंधारा, कोरडा हवा. आणखी पाच गेले. एक ट्रॅक मला स्वतःला कालपासून फार आवडलाय, तो यादीत उगाचच पुढे पुढे करतोय. त्याला मागे रेटायचं. एक नेहमी चालतो, म्हणून नको. एक माझ्यानंतर येणाऱ्या मोठ्या नावाचा ठेवणीतला असेल, तो मी आधी वाजवणं बरं नव्हे. माझं काम बहुतेक वेळा वॉर्म-अपचं असतं. खोली तापवून, पण भूक शिल्लक ठेवून दुसऱ्याच्या हाती द्यायची, त्यात स्वतःला खूप आवरावं लागतं, आणि ते आवरणं मला मनापासून आवडतं. असं करत तीन उरतात. त्यातून एक निवडणं हे विचारानं होत नाही. समोर कुणीतरी मान जरा वेगळी हलवतं, आणि हात आपोआप एकीकडे जातो.

मधेच कुणी फोनची उजळलेली स्क्रीन माझ्यापुढे धरतं. ‘हे लाव ना.’ बहुतेकदा मी नाही म्हणते, आणि दर वेळी मनात काहीतरी हलतं, कारण त्या माणसानं आपल्याला फार प्रिय असलेलं काहीतरी अनोळखी बाईपुढे धरलेलं असतं. एका मुलीनं दाखवलेलं गाणं मी दीड तासानं लावलं, तोवर ती गेली होती.

आता डेकवर सिंक आहे. बटण दाबलं की वेग जुळतो. सिंकवरून भांडणारे पुष्कळ आहेत, मला त्यात पडायचं नाही. मी ते वापरते. पण एक गोष्ट मला या तीन आठवड्यांत उमगली. रेकॉर्ड जुळवण्यात जाणारी ती दोन मिनिटं वाया जात नव्हती. त्या दोन मिनिटांत चालू गाणं सोडून मला कुठे जाताच यायचं नाही. उघडा कान त्यातच अडकलेला असायचा. हात मोकळे झाले तशी मी पुढे पळायला लागले. चालू ट्रॅकचं पहिलं मिनिट संपायच्या आत पुढचा लोड केलेला, त्याचा पुढचा यादीत वर आणलेला, दोन्ही कानांवर हेडफोन. समोर वाजतंय ते माझ्यासाठी संपलेलंच असतं. खोलीतल्या सगळ्या माणसांसाठी ते चालू असतं.

त्या रात्रीच्या सेटचं रेकॉर्डिंग मी तिसऱ्या आठवड्यात ऐकलं. इतके दिवस टाळत होते. तो सांधा सापडला, परत ऐकला. खरंच बेमालूम होता. मग मी दोन्हींतला पहिला ट्रॅक एकटाच काढला आणि सुरुवातीपासून लावला. तो मी चार वर्षं वाजवतेय. पाच मिनिटं पन्नास सेकंदांवर माझी लाल खूण आहे, तिथे मी दर वेळी बाहेर पडते, कारण त्यानंतर स्क्रीनवर दिसणारी आवाजाची लाट बारीक होत जाते. मी तिला रिकामी जागा समजत होते. ट्रॅक सात मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. खुणेपाशी माझा हात सवयीनं हलला. तो मी मांडीखाली धरला आणि ऐकत राहिले.

साडेसहा मिनिटांवर किक थांबते. मग हाय-हॅट जाते. बेस आणखी थोडा वेळ चालतो, एकेक स्वर गाळत, आणि सबंध गाणंभर मागे कुठेतरी असलेली ऑर्गनची ओळ, जी मला कधी नीट ऐकूच आली नव्हती, ती एकटी उरते. ती ओळ पूर्ण होत नाही असं गाणंभर वाटत असतं. अखेरच्या मिनिटात ती पूर्ण होते. तीन सावकाश स्वर आहेत. ऑर्गनच्या भात्याची धाप ऐकू येते इतकं सगळं उघडं पडलेलं असतं.

चार वर्षं. शंभरेक रात्री तरी मी हा ट्रॅक लावला असेन, आणि त्याचा शेवट मला माहीत नव्हता. त्या माणसाला माहीत होता. खांबापाशी डोळे मिटून तो त्या तीन स्वरांकडे चालला होता.

त्या रात्री मी झोपले नाही. यादीतले ट्रॅक एकेक करून शेवटून ऐकत बसले. पुष्कळांचा शेवट खरोखर नुसता ठोका असतो, आमच्यासारख्यांना बाहेर पडायला ठेवलेली वाट. करणाऱ्यानंच ती तशी ठेवलेली असते आणि तिथून जाण्यात काही चूक नाही. पण मधेच असा एखादा निघायचा की करणाऱ्यानं सगळं जपून अखेरीला ठेवलंय. पहाटेकडे मला दादांच्या क्रेटची आठवण झाली. हाच ट्रॅक त्यात रेकॉर्डवर आहे हे मला ठाऊक होतं. फाइल मिळाल्यापासून ती काढलीच नव्हती. काढली. कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘शे.’ रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली. ज्यांनी रेकॉर्ड वाजवल्यात त्यांना माहीत असेल, जिथे आवाज भरगच्च असतो तिथल्या खाचा खडबडीत, राखाडी दिसतात आणि जिथे शांत असतं तिथे काळ्या, गुळगुळीत. लेबलाच्या जवळ बोटभर रुंदीचा काळा पट्टा होता. मी तो पूर्वीही बघितला असणार.

सकाळी दादांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग विचारलं, “दादा, कव्हरवर तुम्ही ‘शे.’ लिहायचात ते शेवटी लावायची म्हणूनच ना?”

“शेवटी कशाला?” ते म्हणाले. “शेवटपर्यंत.”

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “कोण गेलं?”

मी त्यांना राखाडी शर्टाचं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही ‘असं होतं’ म्हटलं नाही, म्हणून मला बरं वाटलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की त्या माणसाला परत बघितलंस का. नव्हतं बघितलं. अजूनही नाही.

परवा मी ती रेकॉर्ड घेऊन गेले. पाऊण नव्हता वाजला, साडेबारा असतील, आणि त्या दिवशीपेक्षा माणसं कमी होती. सुई टेकवली तेव्हा सुरुवातीची चरचर स्पीकरमधून आली आणि पुढे उभ्या असलेल्या एका मुलानं चमकून बूथकडे बघितलं. पुढची रेकॉर्ड मी दुसऱ्या डेकवर तयार ठेवली होती, तिची पहिली किक बोटाखाली धरून. क्रेटमध्ये आणखी दोन तिरक्या उभ्या होत्या. पाच मिनिटं पन्नास सेकंद. खूण तिथे नव्हतीच, रेकॉर्डवर कुठून असणार, पण माझ्या अंगात होती. तळहाताला घाम आला. फेडर खालीच ठेवला. किक थांबली तसे दोघेजण बारकडे वळले, आणि मला वाटलं, आता सगळेच वळतील. हाय-हॅट गेली. खोलीत एकाएकी कपड्यांची सळसळ, बुटांचे घासण्याचे आवाज, कुणाचं तरी हसू असं सगळं ऐकू यायला लागलं. कुणी ओरडलं नाही. काहींनी नाचणं थांबवलं आणि होते तिथेच उभे राहिले, मान खाली घालून. ऑर्गनची ओळ एकटी पडली, एक स्वर, दुसरा, मग बराच वेळ घेऊन तिसरा. सुई काळ्या पट्ट्याच्या टोकाला पोचली.

खांबापाशी त्या दिवशी एक मुलगी होती. केस आखूड, पाठ माझ्याकडे. आता ठोका कुठेच नव्हता, शेवटच्या खाचेची नुसती हलकी टिकटिक येत होती, पण तिचे पाय थांबले नव्हते. डावा, उजवा, डावा, त्याच लयीत, जणू ठोका अजून चालूच आहे. मी हेडफोन काढून गळ्यात टाकला. तिचे चार ठोके मोजले, परत चार मोजले. बोटाखालची रेकॉर्ड सुटायला बघत होती. तिचा डावा पाय खाली आला आणि मी बोट उचललं.